बसून ऐकलेला बँड

जिल्ह्याच्या ठिकाणाहून निघणाऱ्या एका साप्ताहिकात मी तेव्हा सांस्कृतिक घडामोडी लिहीत असे. हे वाक्य जरा भारदस्त वाटतं, म्हणून खुलासा करतो. सांस्कृतिक घडामोडी म्हणजे शाळांची स्नेहसंमेलनं, गणपतीतले मेळे आणि सत्कार. सत्कारच जास्त. दुष्काळाच्या त्या वर्षांत आमच्याकडं ज्वारी पिकली नाही, पण शाली आणि नारळ यांची टंचाई कधी जाणवली नाही. पोटापुरता मी हायस्कुलात भूगोल शिकवायचो. पर्जन्यछायेचा प्रदेश हा धडा मुलांना खिडकीबाहेर बघायला सांगून शिकवता यायचा, एवढी सोय त्या सालांनी केली होती.

त्या साप्ताहिकात माझं एकच संगीत परीक्षण छापून आलं, तेही चार ओळींत. मी चार पानं पाठवली होती. टँकरच्या फेऱ्यांना जागा लागली, असं संपादकांनी कळवलं. टँकरशी वाद घालण्याचे ते दिवस नव्हते. उरलेलं परीक्षण आता लिहितो आहे. त्या कार्यक्रमाचं दुसरं परीक्षण कुणी लिहिलेलं नाही, तेव्हा माझं म्हणणं खोडून काढायलाही कुणी नाही.

आमचं गाव उमरग्याकडं जाणाऱ्या मोठ्या रस्त्यावर. गावात लग्नाचा एक बँड होता. लाल कोट, खांद्यावर पिवळ्या झालरी, टोपीवर पितळी पक्षी. तो गरुड आहे की कोंबडा, यावर दोन मतं होती. बँडमास्तर क्लॅरिनेट वाजवायचे. एरवी त्यांचं मशिदीच्या गल्लीत शिंप्याचं दुकान होतं, आणि कोट त्यांनीच शिवलेले होते. पण बँडातली माणसं बदलत गेली, कोट तेच राहिले. त्यामुळं काही वादक कोटात खडखडायचे, तर मोठा ढोल वाजवणारे म्हातारबुवा श्वास राखून वाजवायचे.

या बँडाकडं माझं लक्ष गेलं ते अणदूरजवळच्या एका लग्नात. वरात मारुतीच्या देवळापाशी आली आणि नवरदेवाचे मेव्हणे रुसले. त्यांना बांधलेला फेटा चुलत्यांच्या फेट्यापेक्षा आखूड निघाला होता. मोजून बघा, असं ते म्हणत होते. मोजायला कुणी तयार नव्हतं, कारण तो खरंच आखूड होता. घोड्यावर नवरदेव, घोड्यापुढं समजूत घालणारी मंडळी, आणि लिंबाच्या झाडाखाली बँड. बँड एक सिनेमाचं गाणं वाजवत होता, त्या वर्षी सगळ्या हॉटेलांतल्या रेडिओवर वाजणारं.

मला भूक लागली होती. भुकेल्या माणसाला गाणं संपण्याची घाई असते. म्हणून मी कान देऊन ऐकत होतो, आणि हे गाणं संपत कसं नाही, असं मला वाटू लागलं. मग लक्षात आलं, की ते गाणं राहिलेलंच नाही. मुखड्यातले चार सूर तेवढे मास्तरांनी हातात ठेवले होते. बाकी त्यांनी ते कुठल्या कुठं नेलं होतं. मध्येच ते दर्ग्याच्या उरुसातल्या कव्वालीसारखं वर चढायचं, मध्येच सीमेपलीकडून येणाऱ्या ट्रकवाल्यांच्या कानडी गाण्यासारखं डुलायचं. ट्रंपेटवाला जरा थबकायचा, मास्तर कुठं निघालेत ते बघायचा आणि मग मागनं जायचा. फेट्याचा तंटा मिटेपर्यंत एकही वळण पुन्हा आलं नाही. मेव्हण्यांना दुसरा फेटा मिळाला, वरात हलली, आणि त्याच पावलावर बँड मूळ गाण्यावर आला.

पंगतीत मी मास्तरांना म्हणालो, "मास्तर, ते गाणं तुम्ही कुठवर नेलंत हो!"

"नेतोय कुठं सर? नवरदेवच हलंना. मग गाण्यालाच फिरवून आणलं."

"पण इतका वेळ?"

"वाजवणं थांबलं की लोकांस्नी भांडण ऐकू येतं. म्हणून थांबायचं न्हाय. आन् तेच ते वाजवलं की किती वेळ झाला ते कळतं. म्हणून तेच वाजवायचं न्हाय." एवढं सांगून त्यांनी वाढप्याला बुंदी मागितली.

पुढं दुष्काळ पडला. लग्नं होत होती, वराती होत नव्हत्या. मुहूर्त टँकरच्या दिवसावर ठरू लागले. अक्षता पडल्या की पाहुणे आपापल्या तांब्यासकट घरी जायचे. बँडातले निम्मे लोक रस्त्याच्या दुष्काळी कामावर खडी फोडायला जाऊ लागले. अशात एकदा मी मास्तरांकडं सदऱ्याची कॉलर उलटून घ्यायला गेलो. शिक्षकांच्या कॉलरी तेव्हा दोन्ही बाजूंनी झिजेपर्यंत वापरल्या जात.

शिवणयंत्र थांबवून मास्तर म्हणाले, "सर, तुमी पेपरात लिवता न्हवं?"

"लिहितो. सत्कारांबद्दल."

"आमच्याबद्दल लिवा."

"तुमचा सत्कार आहे का?"

"तोबा! आमची बैठक."

मला वाटलं, बँडाची काही मिटिंग आहे. पण त्यांना गायनाची असते तशी बैठक म्हणायची होती. ते म्हणाले, "माझे केस पिकले वाजवून. लोकांनी आमाला नाचत ऐकलं, जेवत ऐकलं, भांडत ऐकलं. बसून कुणी ऐकलं न्हाय. गवयाला बसून ऐकत्यात, कीर्तनाला बसून ऐकत्यात. पुढाऱ्याला बी बसून ऐकत्यात, आता त्यात काय सूर हाय सांगा. आमी काय कायम पायांनीच ऐकायची चीज हाव का?"

"आणि लोक मधूनच उठून गेले तर?"

"तर समजलं मला. मग जिंदगीत नाव काढणार न्हाय. वरातीपुढं चालायचं आन् गप ऱ्हायचं. पण एकदा कळू तर द्या."

साइड ड्रम वाजवणारा गडी तिथंच बसला होता. खडी फोडून त्याच्या बोटांना चिंध्या गुंडाळलेल्या. तो म्हणाला, "मास्तर, तुमाला आदीच सांगतो, माझा बाप येऊन बसला तर समजा गाव बसलं."

त्याच्या म्हणण्याला अर्थ होता. ते बौद्ध घर. छप्पन साली धर्मांतर केलं तेव्हा त्याच्या वडिलांनी घरातली हलगी खुंटीवरून कायमची उतरवली आणि गावच्या वरातीपुढं वाजवणं बंद केलं. गावानं पुष्कळ दिवस रुसवा धरला, पण गाव म्हणजे काही मेव्हणे नव्हते, की फेटा देऊन भागेल. पुढं मुलगा बँडात शिरला तेव्हा त्यांनी अट घातली, की हुकुमानं वाजवायचं नाही, बोलावणं आलं तर वाजवायचं. मुलाचा बँड मात्र त्यांनी कधी उभं राहूनसुद्धा ऐकला नव्हता. बँड दिसला की ते दुसऱ्या गल्लीनं जायचे.

बैठकीला जागा हवी होती. गावात एकच मोठी बंद जागा होती, विकास सोसायटीचं नवं गोदाम. त्याचं उद्घाटन थाटात झालं होतं. दारावरच्या संगमरवरी पाटीवर चेअरमनसाहेबांचं नाव इतकं ठसठशीत होतं, की गोदामात नावच साठवायचं असावं असं वाटे. साठवायला दुसरं काही नव्हतंही. धान्य पिकलंच नव्हतं.

मी चेअरमनसाहेबांना भेटलो. ते मनाचे वाईट नव्हते, फक्त मोकळं व्यासपीठ त्यांना बघवत नसे.

"बँड? बसून ऐकायचा?" ते म्हणाले. "मग उद्या बसून नाचायचं का सर?"

"एकदाच. गोदाम रिकामंच आहे."

"रिकामं कशाला म्हणता? भरायचं बाकी हाय म्हणा." मग जरा विचार करून म्हणाले, "घ्या. पर मधी आमचे दोन शब्द हुतील. आन् लोक उठून गेले तर सोसायटीला बोल लावायचा न्हाय."

कार्यक्रम ठरला तो दुष्काळी काम सुटल्यावर आणि दिवेलागणीच्या आधी. गोदामात वीज यायची होती. ती पाटीवर आली होती, तारेत आली नव्हती. सोसायटीच्या शिपायानं सतरंज्या अंथरल्या. पोत्यांची थप्पी लावताना भिंतीच्या कडेनं माणूस फिरेल एवढी वाट सोडतात आणि त्यासाठी फरशीवर पांढऱ्या रेघा मारलेल्या असतात. शिपायानं सवयीनं सतरंज्या त्या रेघांच्या आतच घातल्या. त्यामुळं लोक आले ते ज्वारीच्या पोत्यांसारखे मधोमध बसले, आणि चारी बाजूंनी वाट मोकळी राहिली.

लोक बऱ्यापैकी आले. कामावरून थेट आलेल्या बाया, भुवयांवर खडीची पांढरी धूळ असलेले पुरुष, माझ्या शाळेतले दोन शिक्षक, जे फुकटच्या कुठल्याही गोष्टीला येत. चेअरमनसाहेब फेटा बांधून आले. फोटो निघण्याची शक्यता असली की ते फेटा बांधत. सगळ्यात शेवटी ड्रमवाल्याचे वडील आले, पांढऱ्या स्वच्छ कपड्यांत. ते पुढं गेले आणि पहिल्या रांगेत मांडी घालून बसले. ड्रमवाल्यानं मास्तरांकडं पाहिलं. मास्तरांनी टोपी सारखी केली.

फळ्यांच्या व्यासपीठावर, शाळेतून आणलेल्या खुर्च्यांवर बँड बसला. मी वही उघडली. मास्तरांनी मान हलवली आणि गाणं सुरू झालं.

ते इतकं वाईट झालं, की मला वही मिटावी का असा प्रश्न पडला. कुणी सूर चुकत नव्हतं. पण क्लॅरिनेट एका ठिकाणी, ट्रंपेट दुसऱ्या, ढोल आपला तिसऱ्याच गावी. बैलगाडीचं एक चाक निखळल्यावर ती जशी चालते, तसं गाणं चाललं होतं. त्यांनी एक गाणं कसंबसं संपवलं, दुसरं धरलं, ते पहिल्यापेक्षा खाली बसलं. मागं कुजबूज सुरू झाली. दोन माणसं चपला शोधू लागली. माझ्या दोन्ही सहकाऱ्यांनी अंग झटकलं. चेअरमनसाहेब खिशातून भाषणाचे कागद काढू लागले.

मास्तरांनी क्लॅरिनेट खाली घेतलं. कपाळावर घाम होता. ते हळूच म्हणाले, पण पत्र्याच्या त्या गोदामात सगळ्यांना ऐकू गेलं, "काय होतंय रे?"

ड्रमवाला म्हणाला, "मास्तर, पाय हलंनात तर हात कसा हलायचा? आपण कवा बसून वाजवलंय?"

खरं होतं. त्या बँडाचा ताल कुणाच्या हातात नव्हताच, सगळ्यांच्या पायांत होता. जन्मभर ते चालत वाजवत आले होते. थांबले तरी वरातीत जागच्या जागी पावलं पडत असतात. बैठकीच्या हौसेत हे कुणाच्याच ध्यानात आलं नव्हतं, सांस्कृतिक घडामोडींच्या वार्ताहराच्या तर नाहीच.

"उठा," मास्तर म्हणाले.

"कुठं जायचं?" म्हातारबुवांनी ढोल सावरत विचारलं.

"भिंतीभिंतीनं. लोक बसू द्या. आपण चालू."

बँड व्यासपीठावरून उतरला, पोत्यांसाठी सोडलेल्या वाटेला लागला आणि चालू लागला. पहिल्या कोपऱ्यापर्यंत जाईतो ताल जागेवर आला. चपला शोधणारे थांबले, त्यांना बँड बाजूला झाल्याशिवाय दारच सापडेना. मग ते बसले. आयुष्यात प्रथमच वरात बसली होती आणि बँड फिरत होता.

आता परीक्षणाचा भाग. गाणं तेच होतं, मारुतीच्या देवळापुढचं. पहिली फेरी त्यांनी सरळ वाजवली. दुसऱ्या फेरीत भिंतीच्या लांबीमुळं रांग ताणली गेली. मास्तर एका कोपऱ्यात, ढोल अजून मागच्या भिंतीला. रिकाम्या गोदामात आवाज पत्र्यावर आपटून उशिरा परत यायचा. मास्तरांनी चार सूर टाकले आणि तेच चार सूर समोरच्या भिंतीवरून आले, जरा वेगळ्या वाटेनं. मास्तर दचकले. त्यांनी पुन्हा टाकले, पण शेवटचा सूर गाळून. भिंतीनंही गाळला. मग मास्तर हसले, आणि तिथून पुढं त्यांनी गाणं सोडून दिलं.

ट्रंपेटवाल्यानं समोरच्या कोपऱ्यातून उत्तर दिलं, मास्तरांचं बोलणं पुरतं न ऐकता. मास्तरांनी ते उत्तर उचललं आणि त्याचाच प्रश्न केला. आढ्यावरच्या चिमण्या उडाल्या, दोन चकरा मारून परत बसल्या. दुष्काळानं एक उपकार केला होता: हवा इतकी कोरडी, की ढोलाचं कातडं शेकावं न लागता ताणलेलं, आणि आवाज एरवीपेक्षा चढा. क्लॅरिनेट एका सुरावर थांबून राहायचं, असं की आता खाली येईल, आता येईल. लोक श्वास धरायचे, आणि ते वरच जायचं. एका कोपऱ्यात मास्तर खंडोबाच्या जागरणातल्या पदावर गेलेसे वाटले, पण पुढच्या कोपऱ्यापर्यंत त्याचं काहीतरी निराळंच झालं होतं. काय झालं होतं, ते मला तेव्हा लिहिता आलं नाही आणि आताही येत नाही. वहीत तिथं 'वा' एवढंच आहे.

मग सगळ्यांनी वाजवणं थांबवलं, ड्रम तेवढा राहिला. ड्रमवाल्यानं काठी एकसारखी टाकायला सुरुवात केली. ठक, ठक, मग जरा थांबून ठक. थोडा वेळ कुणाला काही कळलं नाही. मग बायांच्या घोळक्यातून आवाज आला, "अगं बया, आपलीच खडी की!"

"मुकादम आल्यावरची हाय," दुसरी म्हणाली.

ड्रमवाल्यानं ते ऐकलं आणि लगेच मंद केलं, अगदी सुस्त, मध्येच एखादा ठोका.

"आन् ही मुकादम गेल्यावरची!" सगळं गोदाम हसलं. त्या हसण्याच्या लयीतच त्यानं ठोके दुप्पट केले, मग कडेवर, मग कातड्यावर, आणि चिंध्या बांधलेली ती बोटं दिसेनाशी झाली. पहिल्या रांगेतल्या त्याच्या वडिलांचा उजवा हात मांडीवर होता. बोटं हलत होती. त्यांचं स्वतःचं लक्ष नव्हतं तिकडं.

नेमक्या त्या वेळी चेअरमनसाहेबांना आपले दोन शब्द आठवले. ते उभे राहिले आणि त्यांनी हात वर केला.

वरातीत फेटेवाल्या माणसानं हात वर केला, की बँडानं थांबायचं असतं. ही सवय हाडात भिनलेली. ड्रम तिथल्या तिथं थांबला. क्लॅरिनेट ओठाशी नेलेलं मास्तरांनी खाली घेतलं. पत्र्यावरचा आवाज विरला आणि गोदाम रिकामं वाटू लागलं. मास्तरांचा चेहरा मी पाहिला. बँड चालू लागल्यापासून एकही माणूस उठला नव्हता, आणि आता उठला होता तो पहिल्या रांगेतला.

"बंधुभगिनींनो," चेअरमनसाहेबांनी सुरुवात केली.

"चेअरमनसाहेब," ड्रमवाल्याचे वडील म्हणाले. आवाज चढवला नव्हता. "खाली बसा. मागच्यास्नी दिसंना."

"मी फकस्त दोन शब्द—"

"बसून बोला की."

मागून कुणीतरी ओरडलं, "व्हय, बसून! आज समदं बसूनच हाय!"

चेअरमनसाहेबांनी इकडं तिकडं पाहिलं. सगळं गाव बसलेलं, ते एकटे उभे. बसून भाषण करणं त्यांना माहीत नव्हतं. त्यांचाही ताल पायांतच असावा. ते बसले. कागद खिशात गेले. ड्रमवाल्याचे वडील मुलाकडं न बघता म्हणाले, "चालू द्या."

हुकूम नव्हता तो. बोलावणं होतं. ड्रमवाल्यानं काठी उचलली आणि जिथं तुटलं होतं तिथूनच धरलं.

शेवटची अडचण शेवटी आली. बँडाचं गाणं मांडव दिसला की संपतं. इथं मांडव नव्हता. गोल वाटेला टोक नसतं. ते फिरत राहिले, वाजवत राहिले, आणि थांबायचं कुठं ते कुणाला कळेना. बाहेर ऊन उतरलं, पत्र्याच्या फटीतून येणाऱ्या तिरिपी भिंतीवर चढल्या. प्रत्येक फेरीला माझ्यासमोरून जाताना मास्तर भुवया उंचावून विचारायचे, आणि मी खांदे उडवायचो.

तोड काढली ती म्हातारबुवांनी, आणि कलेसाठी नव्हे, गुडघ्यांसाठी. त्यांनी ढोल खाली ठेवला आणि लोकांतच बसले. एका बाईनं सरकून जागा दिली. ढोल गेल्यावर चाल हलकी झाली. मग झांजवाला बसला. मग ट्रंपेटवाला एक सूर लांबवत लांबवत बसला, खाली टेकल्यावर सूर सोडला. ड्रमवाला चालता चालता पहिल्या रांगेशी आला, घुटमळला आणि वडिलांच्या शेजारी मांडी घालून बसला. वडिलांनी गुडघा जरा आत घेतला.

मास्तर एकटे राहिले. बाकी काही नसल्यामुळं त्यांच्या चपलांचा आवाज ऐकू येत होता, आणि क्लॅरिनेट त्या आवाजाला धरून होतं. अर्धी फेरी झाल्यावर ते पांढऱ्या रेघेवरून आत आले, माणसांमधून वाट काढत मधोमध पोचले, आणि वाजवता वाजवताच सतरंजीवर बसले. पाऊल थांबलं. मला वाटलं, आता पुन्हा मघासारखं विस्कटणार. नाही विस्कटलं. सूर बारीक होत गेला, आणि तो कधी थांबला, हे मी परीक्षक असूनही सांगू शकत नाही.

टाळ्या पडल्या नाहीत. आमच्याकडं बँडाला टाळ्या वाजवत नाहीत. कशा आणि कधी वाजवायच्या, कुणाला माहीत नव्हतं. लोक नुसते बसून राहिले.

मास्तर कावरेबावरे झाले. "झालं," ते म्हणाले. "संपलं की आता."

कुणी हललं नाही. चेअरमनसाहेबसुद्धा हलले नाहीत.

"अवो, संपलं म्हणतोय न्हवं? दिवस मावळला. जावा घरला."

"बसलोय आमी, बसू द्या," ड्रमवाल्याचे वडील म्हणाले. "तुमाला कुठं वरातीला जायचंय?"

मास्तरांनी क्लॅरिनेट मांडीवर आडवं ठेवलं आणि तेही गप बसून राहिले.